नंदाक्काची चव गेली तेव्हा

मी तीसेक वर्षं माणसांना जेवायला शिकवलं. लहान पोरांना नव्हे, पन्नाशीच्या, नातवंडं असलेल्या, लग्नाच्या पंगतीत पैजेवर जेवलेल्या माणसांना. घास केवढा घ्यायचा, किती वेळ चावायचा, पाणी कधी प्यायचं आणि कधी अजिबात प्यायचं नाही. सोलापुरातल्या एका खासगी इस्पितळात मी आहारतज्ज्ञ होते आणि शेवटची बारा-तेरा वर्षं माझ्याकडे फक्त वजन कमी करायच्या ऑपरेशनचे पेशंट असायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे म्हणाले, म्याडमनी किती जणांना नवं आयुष्य दिलं. मी हार घालून हसत उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबांनो, मी ही वर्षं निव्वळ घाबरून काढली आहेत.

"काकडी-गाजर खा म्हणून सांगायला कसली आलीय भीती?" असं माझी सख्खी बहीणसुद्धा म्हणते. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी जरा सोपं करून सांगते.

या ऑपरेशनमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. पहिले पंधरा दिवस पाण्यासारखं पातळ घ्यायचं, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोन महिन्यांनी हळूहळू घरातलं सगळं. गोळ्या मात्र जन्मभर. एवढं डॉक्टर समजावून सांगतात, नातेवाइकांच्या सह्या घेतात. पण भुकेबरोबर जीभही बदलते, हे सही करताना कुणाच्या डोक्यात शिरत नाही. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला तोच पदार्थ नकोसा होतो. गोड घशाखाली जात नाही, तळणाचा वास आला की माणूस नाक दाबून अंगणात जातो. आणि ज्यानं जन्मात ताकाकडे बघितलं नाही तो वाटीभर ताकासाठी हट्ट धरतो. पोटाकडून मेंदूला जाणारे निरोप बदलतात, असं आमचे सर्जन सर सांगायचे. पुढं हेही सांगायचे की यातलं सगळं अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.

नवी पेठेतल्या एका सराफांची बायको माझ्यासमोर बसून रडली होती. "म्याडम, तीस वर्षं मी बासुंदी केली की हे नुसत्या वासानं दुकानातनं वर यायचे. आता वाटी पुढं ठेवली तर माझ्याकडं असं बघतात, जसं काय मी कुणी परकी बाई आहे. मी आता करू तरी काय आणि कुणासाठी?" मी तिला म्हणाले, वजन पंचवीस किलोनं उतरलंय, साखर उतरलीय, बासुंदी गेली तर जाऊ दे की! ती पदरानं डोळे पुसून उठली. आज आठवलं की वाटतं, बाईला जरा धीर द्यायचा होता. पण धीर देणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी तापट. शिवाय अनुभवी. हे दोन्ही एका माणसात असलं की समोरच्याचं काही खरं नसतं.

दर शनिवारी सकाळी अकराला आमचा वर्ग भरायचा. नवे-जुने पेशंट, त्यांच्या बायका किंवा नवरे, आणि पुढं फळ्याजवळ मी. हातात एक छोटी स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा. ही वाटी संपवायला अर्धा तास लागला पाहिजे, असं मी दटावून सांगायची. पेशंट मला पाठीमागं हेडमास्तरीण म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. माझ्या पेशंटमध्ये नियम मोडणारे कमी, अशी माझी ख्याती होती. वर्गात मी एक वाक्य हटकून बोलायची. चमचा हलवत म्हणायची, "उलटी झाली म्हणजे काय झालं? तुम्ही माझं ऐकलं नाही. हावरटपणा केलात." सगळे हसायचे. मी मात्र मनातून भ्यायलेलीच असायची. नव्या टाक्यांवर ताण आला, शिवण उसवली, तर माणूस हातचा जातो. माझी ती भीती तोंडातून रागावणं होऊन बाहेर पडायची. लोकांनी घाबरलेलं चांगलं, असा माझा पक्का समज होता.

या वर्गात एका मार्च महिन्यात नंदाक्का आली.

नाव महानंदा, पण अख्खी गल्ली नंदाक्का म्हणायची. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. वय चव्वेचाळीस, वजन एकशे अठरा, गुडघे बोलत होते, साखर हाताबाहेर. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत तिचं भाकरी केंद्र होतं, जाऊ मदतीला. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, आचेवर वाळवत कडक करायची, म्हणजे महिनाभर टिकते. पुण्या-मुंबईला जाणारा माणूस तिच्याकडून भाकरीची चवड बांधून नेल्याशिवाय गाडीत बसत नसे. आणि चटणी! लाल तिखट, लसूण, भाजलेल्या शेंगा, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मीच गेली कित्येक वर्षं तिची गिऱ्हाईक होते. माझ्याच डब्यात तिची चटणी असायची आणि मीच तिला शिकवत होते की आता हे दोन महिने बंद.

"दोन म्हैने?" तिनं कपाळाला हात लावला. "यव्वा! चव न बघता चटणी कशी करू म्याडम?"

"जावेला बघायला सांगा."

"तिला मीठ कळत न्हाई की!" असं म्हणून ती इतकी खळाळून हसली की मलाही फळ्याकडे तोंड करून हसू दाबावं लागलं.

ऑपरेशन छान झालं. तिनं एक गोष्ट मात्र केली, जी आमच्याकडं फार जण करतात. ऑपरेशन लपवलं. गल्लीत सांगितलं, पित्ताचे खडे काढले. "चरबी कापून घेतली म्हनून हसतील, आणि गिऱ्हाईक म्हनेल, हिच्या भाकरीनं हीच एवढी सुटली," असं तिचं म्हणणं. खरी गोष्ट फक्त नवऱ्याला, शिवप्पांना ठाऊक होती. जावेलासुद्धा नाही. मी यावर काही बोलले नाही. ज्याचा त्याचा प्रश्न.

एप्रिलच्या शेवटी, ऑपरेशनला सहा आठवडे झाले असताना, दुपारी एकच्या सुमारास तिचा फोन आला. मी डबा उघडून बसले होते.

"म्याडम, कामात हायसा का?"

"बोला की अक्का."

"काय न्हाई... शेंगा भाजताना वास सहन व्हईना बगा. तोंडाची चवच गेलीया. काय खावंच वाटत न्हाई."

डब्याच्या झाकणावर तिचीच चटणी होती. मला एकदम हसू फुटलं. "अहो अक्का, ज्या चटणीवर अख्खं सोलापूर जेवतं ती तुम्हालाच नको झाली होय! कमाल आहे! सगळ्यांचंच होतं हो असं. नळी नवी, जीभ नवी. सहा महिने जाऊ द्या, येईल चव परत. वजन किती?"

"सोळा किलो उतरलं."

"शाब्बास! एक नंबर चाललंय तुमचं. अजिबात घाबरू नका."

"बरं म्याडम," ती म्हणाली आणि तीही हसली. फोन दोन मिनिटंही चालला नसेल. मी जेवले. पुढच्या आठवड्यात तिची तपासणीची तारीख होती, ती आली नाही. लगीनसराई होती, भाकरीच्या ऑर्डरी असतील, आणि फोनवर तर सगळं ठीक आहे, असं धरून मी तिच्या नावापुढं 'ठीक' अशी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. त्या खुणेची मला आजही लाज वाटते.

फोननंतर तेरा दिवसांनी सकाळी दहाला शिवप्पांचा फोन आला. हा माणूस कधी फोन करत नसे. बोलायलाही लाजायचा.

"म्याडम, एक इचारू का? रागावू नका. हिला दोन-दोन दिसालंय."

"म्हणजे?"

"काल तव्यावर एकच भाकरी व्हती. ही दुसरी उलटाया गेली, जी नव्हतीच. हात भाजला की वो. चालताना बी झुलालीय. म्हनलं तर शुद्धीत हाय, म्हनलं तर न्हाई. नजर लागली म्हनून वैनीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या."

मी विचारलं, "उलट्या होतायत का?"

शिवप्पा हळूच म्हणाले, "व्हय. अठरा-वीस दिस झालं. पानी सुदिक ठरंना."

"गोळ्या?"

"त्या बी बाहेर पडायच्या. मग बंद केल्या तिनं. पर आज बरं वाटंल की. डॉक्टरनं बाटली लावलीया. ताकदीची. परवापासनं ही तिसरी."

आता इथं मला थांबून सांगावं लागेल की मी का हादरले. आपल्याकडं अशक्तपणा आला की माणूस दवाखान्यात जाऊन म्हणतो, एक सलाईन लावा. बाटली चढली की तरतरी येते, अशी सगळ्यांची श्रद्धा. त्यात बहुतेक वेळा साखरेचं पाणी असतं. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही. पण ती साखर जाळायला शरीराला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते शरीरात फार दिवस साठून राहत नाही. रोज ओकणाऱ्या माणसाचा साठा दोन-तीन आठवड्यांत तळाला जातो. उरलंसुरलं मेंदू कसंबसं पुरवून वापरत असतो, आणि तेवढ्यात वरून साखर ओतली की ते चिमूटभरही संपतं. मग डोळे फिरतात, तोल जातो, बोलणं भरकटतं. वेळेत बी-वन दिलं नाही तर माणूस जातो. वाचला तरी त्याची आठवण कायमची पुसली जाऊ शकते. आधी बी-वन, मग साखर, हा क्रम आम्ही पाठ केलेला. पुस्तकात वाचलेलं माझ्या पेशंटला होताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"शिवप्पा, बाटली बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

"डॉक्टरला न इचारता कसं करू म्याडम? ते रागावतील की."

सर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. सिस्टरला निरोप दिला, इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं आणि मी तशीच चपला घालून रस्त्यावर आले. रिक्षा मिळाली. मे महिना, डोक्यावर आग, आणि नवी पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेली गावंच्या गावं. रिक्षा तोंडालाच अडकली. रिक्षावाला म्हणाला, "आगे नहीं जाती मावशी, पैदल जाव." मी उतरले आणि पळत सुटले. साठीला टेकलेली बाई, साडीचा बोंगा धरून, लोकांना कोपरानं ढकलत पळतेय. कुणी म्हणालं, "अहो बाई, दिसत न्हाई का?" मला खरंच काही दिसत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, माझं स्वतःचं. अजिबात घाबरू नका.

नंदाक्काच्या घरी पुढच्या खोलीत तीन बायका भाकऱ्या थापत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. मागच्या खोलीत पलंगावर नंदाक्का, आणि वर कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली. अर्धी झालेली. नंदाक्का जागी होती. तिचे डोळे माझ्याकडं वळेनात. एक डोळा भिंतीकडे अडकल्यासारखा, दुसरा थरथरत होता.

"अक्का, मी आलेय."

ती बराच वेळ माझ्या दिशेनं बघत राहिली. मग अगदी नम्रपणे, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "यार्री नीवु?"

कोण तुम्ही? एवढं कानडी मला येतं.

तेवढ्यात गल्लीतले डॉक्टर आले. शिवप्पांनी बोलावलं असावं. मध्यमवयीन, घामाघूम, शर्टाच्या खिशात थर्मामीटर. मी बाटलीकडं हात नेला तसे ते पुढं झाले. "म्याडम, एक मिनिट. तुम्ही डॉक्टर आहात का?"

प्रश्न रास्त होता. मी डॉक्टर नाही. चाळीस वर्षांपूर्वी गृहविज्ञान शिकलेली बाई मी. "नाही," मी म्हणाले, "मी डॉक्टर नाही. पण हिचं जठर कापून काढलंय दोन महिन्यांपूर्वी. वीस दिवस ओकतेय. हिला आधी बी-वन पाहिजे. मी चुकत असेन तर माझ्यावर केस करा, पण ही बाटली बंद करा हो!" शेवटचे शब्द मी ओरडले. पुढच्या खोलीतली कुजबूज बंद पडली.

डॉक्टरांनी शिवप्पांकडं बघितलं. शिवप्पांनी मान खाली घातली. डॉक्टर दोन पावलं पुढं झाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नळीची चकती फिरवून बाटली बंद केली. "मला पित्ताचे खडे म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला कुणी सांगितलंच नाही." त्या माणसाला मी कधी दोष दिला नाही. त्यांना खोटं सांगितलं होतं. मला तर तिनं आपण होऊन फोन केला होता.

तिला चालता येत नव्हतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शिवप्पा, डॉक्टर आणि भाकरीवाल्या दोघी, असं चौघांनी त्या गर्दीतून उचलून नेली. जाऊ मागून रडत येत होती आणि विचारत होती, "कसलं जठर? कसलं कापलं?" रिक्षात नंदाक्का माझ्या खांद्यावर रेलून सारखी म्हणत होती, चुलीवर भाकरी हाय, करपंल. दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

इस्पितळात इंजेक्शनं सुरू झाली. सर थिएटरमधून थेट आले. तपासून झाल्यावर मला बाहेर घेऊन म्हणाले, "डोळे सुधारतील. चालणं वेळ घेईल. आठवणीचं मी सांगू शकत नाही." मी त्यांना फोनचं सांगितलं. सगळं, हसण्यासकट. ते म्हणाले, "फाइलमध्ये लिहा." मी लिहिलं. आयुष्यात लिहिलेल्या ओळींमध्ये त्या चार ओळी मला सगळ्यांत जड गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं. तिच्या नळीला एका वळणावर आवळ पडला होता, तिथून पाणीसुद्धा मुश्किलीनं उतरत होतं. सरांनी आतून फुगा फुगवून ती जागा मोकळी केली. म्हणजे तिनं नियम मोडला नव्हता, हावरटपणाही केला नव्हता. चमचाभर पेज घेऊन ती ओकत होती आणि स्वतःलाच दोष देत होती.

"मी म्हनलो व्हतो, म्याडमला सांगू," शिवप्पा बाकावर बसून म्हणाले. "तर म्हनली, नको. त्या म्हनतील, हावरटपना केलास. मी अजून कमी खाते, म्हंजे व्हनार न्हाई. असं करत करत चमच्यावर आली वो." मग त्यांनी विचारलं, "येईल का तिला परत समदं ध्यानात?" बायकोनं नवऱ्याला ओळखलं तर होतं, पण तासाभरापूर्वी तो खोलीत आला होता हे तिला ठाऊक नव्हतं. दर वेळी ती नव्यानं म्हणायची, आलासा का, जेवलासा का?

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे सरळ झाले. आठव्या दिवशी तिनं मला "म्याडम" म्हटलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. चालायला महिना गेला, आधी वॉकर, मग भिंत. आठवण मात्र गाळणीतून आल्यासारखी आली. लहानपणचं मैंदर्गी सगळं होतं, लग्न होतं, जुनी गिऱ्हाइकं होती. सकाळची ऑर्डर दुपारी आठवायची नाही. इस्पितळात कशी आली हे तर अजिबातच नाही. सर म्हणाले, आजाराच्या आसपासचे काही आठवडे तिच्यासाठी नाहीतच असं धरून चाला.

आणि मी तसं धरून चालले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. फाइल सरांशिवाय कोण वाचणार? नंदाक्काला फोन आठवत नव्हता. ती येता-जाता माझ्या पाया पडायची. "म्याडमनी पळत येऊन वाचवलं," असं जावेसमोर, गल्लीसमोर सांगायची. मी नको नको म्हणायची आणि गप्प बसायची. मनात रोज ठरवायची की आज सांगायचं. तोंड उघडायचं नाही.

वर्गातलं माझं ते वाक्य मात्र बंद झालं. चमचा हलवणंही. आता मी पेशंटना पहिला प्रश्न उलटीचा विचारू लागले. पण हेडमास्तरीण म्हणून झालेलं नाव असं चार दिवसांत पुसलं जात नाही. मी विचारायची, ते "न्हाई म्याडम" म्हणायचे, आणि खरं किती, खोटं किती, या विचारानं माझा जीव टांगणीला लागायचा.

डिसेंबरात एका शनिवारी मी तिला वर्गात बोलावलं, नव्या लोकांना चार शब्द सांगायला. ती आली. जावेचा हात धरून, पण स्वतःच्या पायांनी. सत्त्याहत्तर किलो. केस विरळ झाले होते, पण चेहऱ्यावर जुनं हसू होतं. आता ऑपरेशनचं कुणापासून लपवत नव्हती. लोकांनी आधी जेवणाचंच विचारलं. तर म्हणाली, चव आली की परत, पण माझी न्हाई, दुसऱ्याच कुणाची आली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, तिच्या जिवाचा जीव. आता एका चमच्यानं शिसारी येते. ताकात कुस्करलेली कडक भाकरी आणि काकडी, एवढ्यावर ती खूश. चटणीचा वास सहन होतो, पण मीठ जाऊ बघते. "आता तिला कळालंय मीठ," असं म्हणाली, सगळे हसले, जाऊही हसली.

मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "अक्का, तुम्हाला आठवत नाही, पण मला सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्ही आजारी पडायच्या आधी मला फोन केला होता. मी नीट विचारलं नाही. मी हसले आणि घाबरू नका म्हणाले. मी तेव्हा विचारलं असतं तर तुमच्यावर ही वेळ आली नसती."

नंदाक्कानं माझ्याकडं बघितलं.

"आठवतंय की," ती म्हणाली.

"बाकी काय आठवत न्हाई. त्यो फोन आठवतोय. उलटीचं सांगायलाच लावला व्हता मी." ती अगदी साधेपणानं बोलत होती, राग नाही, टोमणा नाही. "तुमचं लई भ्या वाटायचं म्याडम. चार डाव फोन हातात घेतला आणि ठिवला. आणि त्या दिवशी तुमी हसला. शाब्बास म्हनला. मला कुनी शाब्बास म्हनून किती वर्सं झाली व्हती! मला वाटलं, एवढ्या खूश झाल्यात, आता कशाला उलटीचं काढू. म्हनून गप बसले."

मी फळ्याला टेकले. एवढ्या वेळा पाया पडली होती ती माझ्या, हे सगळं पोटात ठेवून.

तिसऱ्या रांगेत माढ्याहून आलेले एक गृहस्थ होते, ऑपरेशनला पाच आठवडे झालेले. तासाभरापूर्वीच मी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. ते सावकाश उठले. शेजारी बसलेल्या बायकोकडे न बघता म्हणाले, "म्याडम, माझं बी तसंच हाय. नऊ दिस झालं. पानी ठरत न्हाई."

त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मी सिस्टरला हाक मारली, त्यांच्याजवळ गेले, शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तो थंड होता. माझाही.

"बसा," मी म्हणाले. "पहिल्यापासून सगळं सांगा. मलाही तुमच्याएवढीच भीती वाटतेय."